तपासणी रुग्णाची, काळजी डॉक्टरची!

गेल्या महिन्यातली गोष्ट. संध्याकाळी सातची वेळ, बाकावर पंधरा-सोळा माणसे बसलेली. आमच्या कसबा पेठेत चार घरी पोळ्या लाटणाऱ्या एक बाई आपल्या मुलाला घेऊन आल्या. मी त्यांना मावशी म्हणतो. पंधरा वर्षांपासून त्या माझ्याकडे येतात. मुलगा बावीस वर्षांचा, रात्रपाळीला कामाला जाणारा. तीन आठवड्यांपासून संध्याकाळ झाली की डोके जड होते, मानेपासून कपाळापर्यंत पट्टा आवळल्यासारखे वाटते, अशी त्याची तक्रार. ताप नाही, उलटी नाही, फिट नाही, दिसण्यात फरक नाही. मी रक्तदाब पाहिला, मान वाकवून पाहिली, डोळ्यांत बॅटरी टाकून पाहिली, हातापायांची ताकद पाहिली. सगळे व्यवस्थित होते. झोप मात्र जेमतेम चार तास, आणि उरलेल्या वेळात मोबाईल. निदान उघड होते. ताण आणि अपुरी झोप यांनी होणारी ही डोकेदुखी. औषध म्हणजे झोप, चार व्यायाम आणि लागलीच तर एखादी साधी गोळी.

मावशी म्हणाल्या, "डॉक्टर, डोक्यात काही नसेल ना? आमच्या शेजारच्यांचा भाऊ असाच गेला."

वास्तविक मी दोन मिनिटे थांबून त्यांना समजावून सांगायला हवे होते. पण बाहेर गर्दी होती, आणि 'काही निघालेच तर?' ही पाल माझ्याही मनात चुकचुकली. मी पॅड ओढले आणि मेंदूचा एमआरआय करून आणण्यासाठी चिठ्ठी लिहून दिली.

चार दिवसांनी मावशी मोठे पाकीट घेऊन आल्या. फोटो नॉर्मल होता. त्यांनी मला हात जोडले. "देवाची कृपा, आणि तुमची," म्हणाल्या. पैशांचे काय केलेत म्हणून मी विचारले, तर मुलीच्या अकरावीच्या फीसाठी ठेवलेली भिशी त्यांनी मोडली होती.

वाचकहो, पस्तीस-एक वर्षांपूर्वी मी बी. जे. मेडिकल कॉलेजात शिकत असताना पुष्कळांनी मला रागे भरले आहे. पण त्या हात जोडण्याने जेवढे मला लाजवले, तेवढे कोणाच्या रागाने लाजवलेले नाही. कारण ती चिठ्ठी मी मुलासाठी लिहिलेली नव्हती. ती मी माझ्यासाठी लिहिली होती.

इंग्रजी म्हण आणि मराठी कातडी

या वृत्तीसाठी इंग्रजीत एक वाक्प्रचार आहे. तो अमेरिकेतल्या कचेऱ्यांतून आणि लष्करातून पसरला. घरात येणाऱ्या वर्तमानपत्रात तो जसाच्या तसा छापण्याजोगा नाही. म्हणूनच की काय, तिकडेही बऱ्याचदा त्याची तीन आद्याक्षरेच वापरतात – 'सी.वाय.ए.' अर्थ एवढाच, की बाकीचे काही होवो, आधी आपले बूड झाकून घे! आपण मराठीत याला कातडीबचाऊपणा म्हणतो. साहेबाने बूड म्हटले, आपण कातडी म्हटली. अवयव बदलला, रोग तोच.

हा रोग फक्त डॉक्टरांना होतो असे नाही. कचेरीत फाइलवर 'चर्चा करावी' असा शेरा मारून ती दुसऱ्या टेबलावर सरकवणारा अधिकारी तुम्ही पाहिला असेल. खाली कोणाची तरी सही असल्याशिवाय साधी पावती न देणारा कारकूनही पाहिला असेल. काम झाले की नाही याला महत्त्व नाही. उद्या विचारणा झाली तर आपल्याकडे कागद हवा. पण कचेरीत फाइल अडते, दवाखान्यात माणूस अडतो. म्हणून डॉक्टरांच्या कातडीबचाऊपणाकडे वेगळ्या नजरेने पाहिले पाहिजे. वैद्यकशास्त्रात त्याला 'डिफेन्सिव्ह मेडिसिन' म्हणतात. रुग्णाला बरे करण्याऐवजी स्वतःचा बचाव करण्यासाठी केलेले वैद्यक, असा त्याचा सरळ अर्थ.

हे काही आपल्याकडचेच खूळ नाही. अमेरिकेतल्या पेनसिल्व्हेनिया राज्यात ज्या शाखांत खटल्यांची भीती अधिक, अशा आठशे चोवीस तज्ज्ञांना याविषयी विचारण्यात आले होते. तो अहवाल २००५ साली प्रसिद्ध झाला. त्यातल्या ९३ टक्के डॉक्टरांनी कबूल केले, की होय, आम्ही खटल्याच्या भीतीने असे वागतो. म्हणजे शंभरात सात जण तेवढे धीट, किंवा तेवढे भिडस्त!

याची चार रूपे

पहिले रूप तपासण्यांचे. ते वर आलेच.

दुसरे रूप औषधांचे. साध्या सर्दी-पडशाला, जे विषाणूंमुळे होते आणि पाच-सात दिवसांत आपोआप बरे होते, त्यालाही अँटिबायोटिक लिहिले जाते. आम्ही डॉक्टर आपसांत बोलताना म्हणतो, "कव्हर दिलेलं बरं." हा शब्द जरा नीट ऐका. कव्हर, म्हणजे पांघरूण. पण पांघरूण कोणावर घातले? विषाणूवर अँटिबायोटिकचा काडीचाही परिणाम होत नाही, तेव्हा रुग्णावर तर नक्कीच नाही. रुग्णाच्या वाट्याला जुलाब, पुरळ आणि बिल येते. पुढे कधी खरोखर जिवाणूंचा संसर्ग झाला, तर तेच औषध लागू न पडण्याचा धोकाही त्याच्याच वाट्याला येतो.

तिसरे रूप 'पुढे पाठवण्याचे'. हे तुम्हा गावाकडच्या मंडळींना अधिक ठाऊक आहे. "इथे होणार नाही, पुण्याला न्या." आता गंभीर रुग्णाला मोठ्या रुग्णालयात पाठवणे हे डॉक्टरचे कर्तव्यच आहे, त्यात दोष नाही. दोष केव्हा? इथे होण्यासारखे असूनही अंगावर नको म्हणून पाठवले तर. किंवा पाठवण्यापूर्वी शिरेत सलाईन लावणे, रक्तस्राव थांबवणे, मोडलेला हात फळीला बांधणे एवढेही केले नाही तर. वाटेत जे होईल ते होवो, माझ्या दारात नको! सर्वोच्च न्यायालयाने १९८९ साली परमानंद कटारा यांच्या याचिकेवर स्पष्ट सांगितले आहे, की जीव वाचवणे हे प्रत्येक डॉक्टरचे पहिले कर्तव्य आहे, मग तो सरकारी असो की खासगी. पोलिसांची कागदपत्रे त्याच्या आड येऊ शकत नाहीत.

चौथे रूप सह्यांचे. शस्त्रक्रियेच्या आधी नातेवाइकांपुढे चार पाने येतात. भाषा इंग्रजी, अक्षर बारीक, आणि "लवकर सह्या करा, थिएटर तयार आहे" अशी घाई. संमती म्हणजे सही नव्हे. काय करणार, का करणार, त्यात धोका काय आणि दुसरा मार्ग कोणता, हे रुग्णाला समजेल अशा शब्दांत सांगणे आणि मग त्याने होकार देणे, याला संमती म्हणतात. सर्वोच्च न्यायालयाने २००८ साली समीरा कोहली यांच्या खटल्यात हेच सांगितले. न समजता घेतलेली सही रुग्णाच्या उपयोगाची नाहीच, पण गंमत म्हणजे ती डॉक्टरलाही वाचवत नाही.

एक जादा तपासणी केली, बिघडले काय?

माझे एक स्नेही म्हणतात, "अरे, चार पैसे गेले तर गेले, निदान मनाला शांती!" हा युक्तिवाद दिसतो तेवढा निरुपद्रवी नाही.

पहिली गोष्ट म्हणजे, गेलेले पैसे कोणाचे गेले हे पाहावे लागते. मला शांती मिळाली, भिशी मावशींची मोडली.

दुसरी गोष्ट, प्रत्येक तपासणी निर्धोक नसते. एमआरआयमध्ये क्ष-किरण नसतात हे खरे. पण पोटाच्या एका सीटी स्कॅनमधून छातीच्या साध्या एक्स-रेच्या शंभरपट तरी किरणोत्सर्ग शरीरात जातो. गरज असेल तेव्हा तो सोसायचाच. गरज नसताना का सोसायचा?

तिसरी गोष्ट लोकांना माहीत नसते. शोधायला गेले की काहीतरी सापडतेच! पाठीचे उदाहरण घ्या. ज्यांची पाठ मुळीच दुखत नाही, अशा धडधाकट माणसांच्या मणक्यांचे फोटो काढून अभ्यास झाले आहेत. २०१५ साली अशा अनेक अभ्यासांचा एकत्रित आढावा घेण्यात आला. वीस वर्षांच्या निरोगी माणसांतही ३७ टक्के लोकांच्या मणक्यांतल्या गादीत झीज दिसली, आणि ऐंशी वर्षांच्यांत ९६ टक्के! म्हणजे ही झीज केस पिकण्यासारखी आहे. पण अहवालात 'गादी झिजली आहे' असे छापून आले, की माणूस उद्यापासून वाकायला घाबरतो. मग पट्टा येतो, इंजेक्शन येते, कधी कधी शस्त्रक्रियेपर्यंत गाडी जाते. भित्यापाठी ब्रह्मराक्षस म्हणतात तो असा.

शस्त्रक्रियांचेही थोडे सांगतो. २०१९ ते २०२१ या काळातल्या राष्ट्रीय कुटुंब आरोग्य पाहणीनुसार देशातल्या सरकारी रुग्णालयांत १४.३ टक्के बाळंतपणे सिझेरियनने झाली, तर खासगी रुग्णालयांत ४७.४ टक्के. हा सगळा फरक भीतीचा आहे असे मी म्हणणार नाही. त्यात पैसा आहे, सोय आहे, मुहूर्त आहे, कळा नकोत म्हणणारे कुटुंबही आहे. पण कोणत्याही प्रसूतितज्ज्ञाला एकांतात विचारा. 'वाट पाहिली आणि बाळाला काही झाले तर मला फाडून खातील. सिझेरियन केले म्हणून कोणी विचारणार नाही,' हे कारण तो सांगितल्याशिवाय राहणार नाही.

माझी नोटीस

ही भीती माझ्यात कोठून आली, तेही प्रामाणिकपणे सांगतो.

बरीच वर्षे झाली. पन्नाशीचे एक गृहस्थ दुपारी घाईत दवाखान्यात आले. आदल्या रात्री लग्नाचे जेवण झाले होते. छातीत जळजळ आणि अस्वस्थ वाटते म्हणाले. मी पोट दाबून पाहिले, ॲसिडिटीची गोळी दिली आणि केसपेपरवर तीन शब्द लिहिले. त्याच रात्री त्यांना हृदयविकाराचा झटका आला. वेळेवर रुग्णालयात पोहोचले म्हणून वाचले. पंधरा दिवसांनी माझ्या हातात वकिलाची नोटीस पडली.

माझ्या दवाखान्यात ईसीजीचे यंत्र होते. पाच मिनिटांचे काम होते. ते मी केले नाही, ही माझी चूक. आणि केसपेपरवर तीन शब्दांपलीकडे काही नव्हते, ही दुसरी.

माझ्या बरोबरीच्या एका डॉक्टर मित्राने सल्ला दिला, "तोंडातून चकार शब्द काढू नकोस. भेटायला तर मुळीच जाऊ नकोस. आणि तो केसपेपर जरा नीट लिहून काढ." या शेवटच्या वाक्याचा अर्थ समजायला मला क्षणभर वेळ लागला. मी ते केले नाही, याचे आजही समाधान आहे. दोन रात्री झोप लागली नाही. तिसऱ्या दिवशी त्यांच्या घरी गेलो आणि म्हणालो, "माझं चुकलं. ईसीजी काढायला हवा होता." ते काही बोलले नाहीत. त्यांच्या पत्नीने मात्र मला चांगलेच सुनावले, आणि ते मी ऐकून घेतले. नोटिशीचे पुढे काही झाले नाही. ते गृहस्थ परत माझ्याकडे औषधाला आले नाहीत. रस्त्यात भेटले की नमस्कार करतात.

त्या प्रकरणातून मी शिकायला काय हवे होते? छातीच्या तक्रारीला ईसीजी काढावा, रुग्णाला बोलते करावे आणि जे पाहिले ते लिहून ठेवावे. आणि मी शिकलो काय? 'उगाच जोखीम नको, सगळ्यांच्या सगळ्या तपासण्या लिही.' दुधाने तोंड पोळले की माणूस ताकही फुंकून पितो, हे खरे. पण इथे फुंकर मी मारत होतो आणि ताकाचे पैसे दुसरा देत होता.

पुण्यातला एक जुना खटला

डॉक्टरांना कायद्याची जी भीती वाटते, तिच्या मुळाशी जो खटला आहे, तो आपल्या पुण्यातलाच आहे हे पुष्कळांना ठाऊक नसते. वकील मंडळी आजही तो कोर्टात सांगतात – डॉ. लक्ष्मण बाळकृष्ण जोशी विरुद्ध डॉ. त्र्यंबक बापू गोडबोले.

मे १९५३ मध्ये रत्नागिरी जिल्ह्यातल्या पालशेतच्या समुद्रकिनारी वीस वर्षांच्या एका तरुणाच्या डाव्या मांडीचे हाड मोडले. तिथल्या डॉक्टरांनी पाय लाकडी फळ्यांना बांधला. स्वतः डॉक्टर असलेल्या वडिलांनी मुलाला टॅक्सीने पुण्याला आणले. सुमारे दोनशे मैलांचा प्रवास, तोही त्या काळच्या रस्त्यांवरून. ९ मे रोजी पुण्यात त्याच्यावर उपचार झाले आणि त्याच रात्री तो मुलगा गेला. मृत्यूचे कारण म्हणून चरबीचे कण रक्तात जाऊन अडथळा आल्याचे सांगण्यात आले. वडिलांना ते पटले नाही. खटला खालच्या कोर्टातून उच्च न्यायालयात आणि तिथून सर्वोच्च न्यायालयात गेला. मे १९६८ मध्ये, म्हणजे पंधरा वर्षांनी, अंतिम निकाल लागला. भूल देण्याची प्राथमिक काळजी न घेता हाड बसवण्याचा प्रयत्न झाला, त्याचा धक्का बसून मृत्यू आला, असा निष्कर्ष न्यायालयाने कायम ठेवला. भरपाई होती तीन हजार रुपये. पंधरा वर्षे कोर्टाच्या पायऱ्या झिजवणारा बाप तीन हजारांसाठी झिजवत नसतो, हे सांगायला नको. मुलाचे खरोखर काय झाले, एवढेच त्याला हवे असते.

या निकालाने डॉक्टरची कर्तव्ये सांगितली ती तीन. रुग्ण हाती घ्यावा की नाही हे काळजीपूर्वक ठरवणे, कोणता उपचार द्यायचा ते काळजीपूर्वक ठरवणे, आणि तो उपचार काळजीपूर्वक करणे. पुढे न्यायालय म्हणते, डॉक्टरकडे वाजवी कौशल्य हवे. फार उच्च प्रतीचे असावे असा आग्रह नाही, पण अगदी हलक्या प्रतीचे चालणार नाही. आणि उपचार कोणता निवडावा याचे स्वातंत्र्य डॉक्टरला आहे. तातडीच्या प्रसंगी तर ते अधिकच आहे.

नीट पाहिले तर यात घाबरण्यासारखे काय आहे? 'प्रत्येक रुग्ण बरा झालाच पाहिजे' असे कायदा म्हणत नाही. 'प्रत्येक डोकेदुखीचा एमआरआय काढा' असेही म्हणत नाही. वाजवी काळजी घ्या, एवढेच म्हणतो. त्या मुलाच्या बाबतीत पन्नास तपासण्या करूनही उपयोग झाला नसता; हवी होती ती भूल. माझ्या गृहस्थांच्या बाबतीतही हवे होते ते पाच मिनिटे आणि एक ईसीजी.

पुढे १३ नोव्हेंबर १९९५ रोजी सर्वोच्च न्यायालयाने व्ही. पी. शांता यांच्या प्रकरणात पैसे घेऊन दिलेली वैद्यकीय सेवा ग्राहक संरक्षण कायद्याखाली आणली. मी तेव्हा नुकताच दवाखाना थाटला होता. डॉक्टरांच्या प्रत्येक बैठकीत 'आता आपण वाणी आणि रुग्ण गिऱ्हाईक' अशी हळहळ चालली होती. २००५ साली जेकब मॅथ्यू खटल्यात न्यायालयाने दुसरी बाजूही सांभाळली. साधी चूक म्हणजे गुन्हा नव्हे, फौजदारीसाठी घोर निष्काळजीपणा हवा, आणि कारवाईपूर्वी दुसऱ्या तटस्थ डॉक्टरचे मत घ्यावे. १ जुलै २०२४ पासून लागू झालेल्या भारतीय न्याय संहितेतही निष्काळजीपणाने झालेल्या मृत्यूला इतरांसाठी पाच वर्षांपर्यंत, तर उपचार करताना नोंदणीकृत डॉक्टरकडून तसे घडल्यास दोन वर्षांपर्यंत शिक्षा आहे. म्हणजे कायद्याने डॉक्टरला वाऱ्यावर सोडलेले नाही.

मग भीती कशाची? खरे सांगू? कोर्टापेक्षा जास्त भीती दाराबाहेरच्या जमावाची. काचा फोडणारे, कॉलर धरणारे नातेवाईक पाहिले की चांगला डॉक्टरही गंभीर रुग्ण घेताना दहादा विचार करतो. अशा हल्ल्यांविरुद्ध महाराष्ट्रात २०१० साली खास कायदा करावा लागला, यावरून काय ते समजावे. ज्याने एकाच्या दवाखान्याची काच फोडली, त्याने पुढच्या दहा गंभीर रुग्णांना 'पुण्याला न्या' हे ऐकायची सोय करून ठेवली. सुक्याबरोबर ओलेही जळते.

दुसऱ्या देशांनी यावर वेगळे मार्ग काढून पाहिले आहेत. न्यूझीलंडमध्ये १९७४ पासून अपघातग्रस्तांना सरकारी निधीतून भरपाई मिळते. उपचारांत झालेली इजाही त्यात धरतात, आणि आता त्यासाठी कोणाची चूक होती हे सिद्ध करत बसावे लागत नाही. अमेरिकेत मिशिगन विद्यापीठाच्या रुग्णालयांनी २००१ पासून वेगळाच पायंडा पाडला. चूक झाली तर रुग्णाला आपण होऊन सांगायचे, माफी मागायची आणि भरपाई देऊ करायची. वकिलांना वाटले, आता दिवाळे निघणार. प्रत्यक्षात दावे कमी झाले. माणूस चुकीपेक्षा लपवाछपवीने जास्त चिडतो, हे जगात सगळीकडे सारखेच दिसते.

आपण काय करावे?

माझ्या व्यवसायबंधूंना माझी एकच विनंती आहे. चिठ्ठी लिहिण्यापूर्वी स्वतःला एक प्रश्न विचारावा. 'या अहवालाने माझा उपचार बदलणार आहे का?' बदलणार असेल तर तपासणी रुग्णासाठी आहे. नसेल तर ती आपल्यासाठी आहे, आणि तिचे पैसे रुग्णाने का द्यावेत? स्वतःला वाचवायचेच असेल तर तपासून पाहिलेले सगळे केसपेपरवर लिहावे. 'अमुक झाले तर लगेच या' असे सांगावे, आणि सांगितल्याचेही लिहावे. यापेक्षा मजबूत चिलखत नाही आणि ते फुकट आहे.

वाचकांसाठी चार गोष्टी :

१) तपासणी सांगितली की नम्रपणे विचारा, "डॉक्टर, याने काय कळेल? चार दिवस थांबलो तर चालेल का?" चांगल्या डॉक्टरला या प्रश्नाचा राग येत नाही. आणि "काहीतरी लिहून द्याच" असा हट्ट आपणही धरू नका. तपासणी न लिहिणारा डॉक्टर अडाणी नसतो.

२) मात्र याचा उलटा अर्थ काढू नका. पुढील डोकेदुखीत तपासणीला उशीर करू नये : अचानक विजेसारखी आलेली असह्य डोकेदुखी, ताप आणि मान ताठ होणे, हातपाय लुळे पडणे, बोबडी वळणे, फिट येणे, दिसेनासे होणे, डोक्याला मार लागल्यानंतरची, पन्नाशीनंतर प्रथमच सुरू झालेली, आणि दिवसेंदिवस वाढत जाणारी.

३) चाळिशी ओलांडलेल्याला, विशेषतः मधुमेह, रक्तदाब किंवा तंबाखूची सवय असलेल्याला छातीत दडपण, जळजळ, घाम, डावा हात किंवा जबडा दुखणे असे झाले, तर 'गॅस असेल' म्हणून सोडा पीत बसू नका. लगेच ईसीजी काढा. पहिला ईसीजी चांगला आला तरी त्रास चालू असेल तर पुन्हा काढावा लागतो. ही तपासणी खरोखर तुमच्यासाठी आहे!

४) जुने केसपेपर, अहवाल, फोटो एका पिशवीत जपून ठेवा आणि दर वेळी बरोबर न्या. संमतीच्या कागदावर समजल्याशिवाय सही करू नका. "मराठीत सांगा" म्हणण्यात लाज कसली?

राहता राहिल्या मावशी. परवा त्या खोकल्याच्या औषधासाठी आल्या होत्या. मुलाचे डोके आता दुखत नाही म्हणाल्या, रात्रपाळी बदलून मिळाली. मला राहवले नाही. मी दार लोटून घेतले आणि सांगून टाकले, की मावशी, तो फोटो काढायची गरज नव्हती. मी घाबरलो म्हणून लिहून दिला.

त्या थोडा वेळ काहीच बोलल्या नाहीत. मग पिशवी उचलता उचलता म्हणाल्या, "मग तेव्हाच सांगायचं की हो, डॉक्टर. तुम्ही 'काही नाही' म्हणाला असतात, तरी मी ऐकलंच असतं."